तेलाच्या नळीतली पेस्ट

गेणबा मिस्त्रीचं गॅरेज बारामतीत, इंदापूर रस्त्याला. बाप लोणी भापकरला मेंढरं राखायचा. ह्यानं काठी टाकून पाना धरला, आणि असा धरला की बंद पडलेलं इंजिन त्याच्या नुसत्या हाताला ओळखायचं म्हणे. पण माणसाला एखादं खूळ असतंच. गेणबाचं खूळ म्हणजे बुलेटला टर्बो बसवायचा.

टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर गरगरणारा पंखा. त्याच दांडीवरचा दुसरा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो आणि गाडी उधळते. मोठ्या ट्रकांना तो असायचा. पुण्याच्या भंगारात परदेशी मोटारीचा लहानसा टर्बो सापडला, की गेणबाच्या घरी दिवाळी. बुलेटला कशाला हवा असला पंखा, म्हणाल तर खुळाला कारण लागतं व्हय? पहिल्या दोन गाड्या फसल्या. तिसरी जमली. ती कोऱ्हाळ्याच्या संभाजीची.

साल शहाण्णव, धोंड्याचा महिना. संभाजीची सासुरवाडी इंदापूरची, जावयाला जेवणाचं आवतण आलेलं. नव्या गाडीवरनंच जायचं म्हणून गडी सकाळीच बायकोला घेऊन गॅरेजात हजर. फुला नवं लुगडं सावरत स्टुलावर बसली. इकडं गेणबानं गाडी चालू केली, तर टर्बोला तेल नेणाऱ्या नळीच्या जोडावर थेंब दिसला. तिथं तांब्याचं नवं वायसर पाहिजे होतं. वायसराचं दुकान उघडणार दहाला. संभाजी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतोय.

गेणबा दुसऱ्यांना शिव्या घालून शिकवायचा, की तेलाच्या वाटेला गळती बुजवायची पेस्ट लावायची न्हाय, आतली आत सुटली की वाट बंद. आणि त्या दिवशी त्यानंच बोटभर पेस्ट काढली आणि जोडाला फासली. थेंब थांबला. साठाच्या वर पळवू नका, एवढं मात्र त्यानं बजावलं.

लासुर्ण्याच्या पुढं गाडी घसरली. संभाजीला खरचटलं. फुलाचा डावा पाय गुडघ्यात गेला. जोडला, पण पुन्हा वाकला नाही.

दोन दिवसांनी ट्रॉलीत घालून गाडी गॅरेजात आणली. मागचं टायर तेलानं माखलेलं. गेणबानं एकट्यानंच टर्बो खोलला. दांडी जळून जाम झालेली, सील फाटून तेल बाहेर आलेलं. मग त्यानं ती नळी सोडवली. तोंडाशी हरभऱ्याच्या डाळीएवढा पेस्टचा गोळा अडकला होता. तेल थेंबथेंबच पोचत होतं, बिचारी दांडी जवळजवळ कोरडी फिरून मेली, आणि सील फाटल्यावर तेच तेल टायरवर उडालं. गेणबानं तो गोळा नखानं काढला आणि रॉकेलच्या डब्यात टाकला.

दारातल्या चार माणसांनी काय झालं म्हणून विचारलं, तर ह्याच्या तोंडून निघालं, "लई ताणली असंल."

झालं. संभाजीनं ताणली होतीच, काटा सत्तरच्या वर गेलेला त्यानं स्वतः पाहिला होता. त्यामुळं त्यानं दोष मुकाट्यानं डोक्यावर घेतला. उलट तोच महिन्यानं गेणबाकडं आला, आणि तुमच्या एवढ्या मेहनतीचं मी वाटोळं केलं म्हणून माफी मागून गेला. येताना गुळाची ढेप आणली होती. गेणबाच्या बायकोनं, तानूबाईनं, हौसेनं पोळ्या केल्या. पोट बिघडलंय म्हणून गेणबा पानावरनं उठला. त्यानंतर त्यानं एकाही बुलेटला टर्बो लावला नाही. लोकांना वाटलं, वय झालं.

खरं काय ते संभाजीला सांगून टाकायचं, असं तो रोज ठरवायचा. कोऱ्हाळ्याचं कुणी दिसलं की बाजूच्या गल्लीत वळायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात करता करता तीन वर्षं गेली आणि पुन्हा धोंड्याचा महिना आला.

त्याच दिवसांत संभाजीचा ट्रॅक्टर बंद पडला. निरोप आला, टाळता येईना. गेणबा कोऱ्हाळ्याला गेला. अंगणात ट्रॅक्टर खोलून बसला होता, तेवढ्यात इंदापूरहून फुलाचा भाऊ आवतण घेऊन आला. फुला ओट्यावर खुर्चीत, पाय सरळ पुढं.

"न्या की जावयाला," ती म्हणाली. "मागच्या खेपेला तेहतीस अनारशापायी ह्यांनी माझा पाय खाल्ला. ह्या खेपेला दुसरा वाढा ताटात."

भाऊ खाली बघायला लागला. रोजचंच ऐकणं असावं, तसा संभाजी कोपऱ्यातली पाण्याची बादली म्हशीपुढं ठेवायला गेला. त्याची वाकलेली पाठ बघून गेणबानं हातातला पाना खाली ठेवला. लाज वाटली त्याला, स्वतःची किळस आली.

तो ओट्यापाशी गेला आणि उभ्याउभ्याच सगळं बोलला. थेंब, वायसर, पेस्ट, रॉकेलचा डबा, काही ठेवलं नाही.

संभाजी बादली हातात धरून ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "म्हंजी मी चाळीसनं गेलो असतो तरी?"

"तरी पडलाच असता. चूक माझी हाय, संभाजीराव. तुमची न्हाय."

संभाजी बादली ठेवून खाली बसला आणि गुडघ्यात तोंड घालून रडायला लागला. तीन वर्षांत त्याला कुणी रडताना बघितलं नव्हतं. गेणबा फुलाकडं वळला. आता ही शिव्या देईल, काठी फेकून मारील, आणि तेच बरं, असं त्याला झालं होतं. फुला त्याच्याकडं बघतच नव्हती. तिची नजर नवऱ्यावर होती.

"पायाचं जाऊ द्या, मिस्त्री," ती हळूच म्हणाली. "पाय गेला तो गेला. पण तीन वरसं उठता-बसता मी ह्या माणसाला काय काय बोलले. ते तुमी कसं दुरुस्त करणार?"