रिकाम्या माशांचा रकाना

आमची आई मत्स्य खात्यात मोजणीदार. एकोणीस वर्षं ती धक्क्यावर स्कॅड मासे मोजत आली. स्कॅड म्हणजे बांगड्याचा गरीब चुलतभाऊ. शेपटीआधी वर-खाली पोहायचा एकेकच सुटा पर, बांगड्याला पाच-पाच. शिवाय शेपटीकडे कडक खवल्यांची ओळ, हात फिरवला की टोचणारी. हे आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

आई लांबी, वजन लिही आणि पुढे शेरा. गुबगुबीत तो 'भरलेला', बारीक तो 'रिकामा', म्हणजे अंडी घालून मोकळा झालेला. पोट चिरून बघायची सोय नव्हती. मासा होडीवाल्याचा, आणि चिरलेल्याला गिऱ्हाईक नाही. अंड्यांच्या दिवसांत स्कॅड पकडायला बंदी असे. नमुन्यापुरत्या दोनच होड्या जात. त्यांत रिकामे वाढले की साहेब बंदी उठवत.

आईच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते. ती नमुन्याच्या होडीवरून डझनभर स्कॅड घेऊन आली आणि बाबा ते साफ करायला बसले. बाबा शिंपी. मोतीबिंदूने नजर गेली, पण बोटं शाबूत.

"अगं, दोन जातींचे आणलेस का?"

"एकाच टोपलीतले आहेत. तुम्ही आपलं कापड मोजा!"

"तेच करतोय. जाड्याची टोचरी ओळ लांब, बारक्याची आखूड. आणि हा बारका रिकामा कुठला? गाभोळीने, अंड्यांनी गच्च आहे की!"

आईने बाबांच्या डब्यातली सुई उचलली. सुईच्या टोकाने तिने एकेक खवला मोजला. प्रत्येक बारक्याची ओळ आखूडच. म्हणजे तो मोकळा झालेला नव्हता, जन्माचाच सडपातळ होता, वेगळ्या जातीचा. त्याचे थवे आले की ती 'रिकामा' लिहायची, बंदी उठायची, आणि जाडे भरल्या पोटाने जाळ्यात जायचे. एकोणीस वर्षं.

दुसऱ्या दिवशी तिने हे कचेरीत सांगितलं, तेव्हा साहेबांनी समजावलं, "तुमच्या सत्काराचं भाषण टाइप होऊन आलंय. 'एकही चूक नाही' असं लिहिलंय त्यात. कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेताय? नवा माणूस बघेल."

"साहेब, बंदी सोमवारी उठतेय."

तिने तिथेच अर्ज लिहिला: माझ्या नोंदींतला 'रिकामा' हा शेरा ग्राह्य धरू नये. खाली सही. मला तिचा अभिमान वाटला, आणि खरं सांगायचं तर रागही आला. आठ दिवस गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं?

बंदी तीन आठवडे वाढली. होड्या धक्क्यालाच बांधलेल्या राहिल्या. कालपर्यंत 'मोजणीताई, चहा घ्या' म्हणणारे होडीवाले तोंड फिरवू लागले. निरोपाला त्यांच्यापैकी एकही आला नाही. आईने त्यांच्यासाठी दोन रांगा खुर्च्या मांडून घेतल्या होत्या.

घरी येऊन ती खूप रडली. मी त्या होडीवाल्यांना कृतघ्न म्हणाले, तशी डोळे पुसून माझ्यावरच खेकसली, "त्यांना काही बोलू नकोस! माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी गाभोळीचे मासे ओढले. आता रागवायचंही नाही का त्यांनी?"