तिसावं नाव नागम्माचं

१९७५ साली नबीलालशेठनी सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलांचा कारखाना काढला. सुरुवातीला आठच यंत्रमाग बसवले. सरकारची योजना अशी होती, की शेठनी इथल्याच तीस माणसांना तीन महिने काम शिकवायचं. तीसच्या तीस तयार झाली, तर शिकवण्याचा निम्मा खर्च सरकार देणार. तो मिळाला तरच आणखी सोळा माग घ्यायचे, असं शेठनी ठरवलं होतं.

आमच्या साखर पेठेतली नागम्मा तिथं झाडलोटीला लागली. वय चाळिशीचं. लहानपणापासून घरच्या हातमागाला सूत भरून दिलेलं. घरात तेलुगू, बाजारात मराठी, दोन्ही सारख्याच ठसक्यात बोलायची.

शिकवायला इचलकरंजीहून सिद्धनाथ मास्तर आले. कामात पक्के, पण बोलणं भरधाव. शिकणारे बहुतेक पेठेतले तेलुगू विणकर. "समजलं का?" असं मास्तरांनी विचारलं, की सगळे माना डोलवायचे.

तिसऱ्या आठवड्यात शिकणाऱ्या मल्लेशमच्या मागात आडवं सूत इकडून तिकडे नेणारा धोटा अडकला. माग फिरवणारा पट्टा बाजूला सरकवला की माग थांबतो, म्हणून मास्तर लांबून ओरडले, "पट्टा! पट्टा!" मल्लेशमनं पट्टा सरकवायचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरला. मास्तर आणखी ओरडले, त्यानं आणखी आवळला. शेवटी धोटा सुटला तो थेट खिडकीची काच फोडून बाहेर!

मास्तर संतापले. "बहिरा हायस का रं?"

कोपऱ्यात नागम्मा खराट्यावर रेलून हसत होती. "मास्तर, त्याला कशाला रागावता? आमच्यात 'पट्टु' म्हंजे 'धर'. तुमी धर धर म्हणालात, त्यानं धरलं की!"

मग मास्तरही पोट धरून हसले. त्या दिवसापासून ते बोलायचे आणि नागम्मा तेलुगूत सांगायची. नुसतं सांगून तिचं भागेना. तुटलेला धागा कसा जोडायचा, हे ती स्वतः मागापाशी जाऊन दाखवू लागली.

महिनाअखेरीस उद्योग खात्याचे साहेब तपासणीला आले. एक जण भिवंडीला निघून गेल्यानं हजेरीत एकोणतीसच नावं होती.

"आजच्या आज नवा माणूस घ्या, नाहीतर पैसे विसरा," साहेब म्हणाले.

शेठ घाबरले. मास्तर म्हणाले, "नागम्माचं नाव लिवा की."

"बाई? मागावर?" शेठ चाचरले.

नागम्मानं खराटा भिंतीला लावला आणि साहेबांना विचारलं, "बाई नको, असं कागदात लिवलंय का?"

साहेबांनी चष्मा पुसून सगळा कागद वाचला. "कामगार लिहिलंय. बाई की पुरुष, काहीच नाही."

तिसावं नाव लागलं. घरी नवऱ्याला तिनं सांगितलं, तेव्हा त्याचा विश्वासच बसेना. दुसऱ्या दिवशी तो स्वतः कारखान्याच्या दारापर्यंत सोडायला आला आणि आत डोकावून लाजून परत गेला.

तीन महिन्यांनंतरच्या परीक्षेत तीसही जण पास झाले. दिवाळीच्या आत सोळा नवे माग आले. नागम्मा एकटी दोन माग सांभाळायची.

पुढच्या तुकडीत दुधनीकडची कन्नड बोलणारी माणसं येणार, असं कळलं. तेव्हा तिनं शेजारच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या धोंडप्पांना गाठलं. "अण्णा, 'थांब' याला कन्नडमध्ये काय म्हणतात, ते आधी सांगा."