जुन्या मोहाचे लाडू

माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मूल गावात दिव्यांग मुलामुलींना धंदा शिकवायला लागून बरीच वर्षं झाली, तरी तो काही उतरला नाही.

त्या साली एक मुलगी होती, गडचिरोलीकडच्या जंगलगावातली. दोन कुबड्यांवर चालायची, पण मोहफुलाचा लाडू असा वळायची की फुटायची बिशाद नाही. तिच्या बापानं मला बजावलं होतं, "एक बजार पाहतो. माल खपला तं राहू द्या तिले, नाई तं घरी नेतो."

बाजाराला दोन दिवस राहिले आणि आमचं मोह संपलं. मी मोठ्या ऐटीत यंदाचं ताजं मोह विकत आणून तिच्यापुढे ओतलं. तिनं हात मागे घेतला.

"मॅडम, आमच्या गावचा पंडुम, नव्या मोहाचा सण, व्हायचा हाय. देवाले नवं मोह वाहल्याबिगर आम्ही तोंडाले लावत नाई."

"अगं, तुला खायला कोण सांगतंय? विकायचं आहे!"

"चाखल्याबिगर कसं विकू? अन् बजारात आमच्याच बाया येतात. त्यायनं पुसलं तं खोटं बोलू काय?"

मी भडकलेच. "मग बस घरी चूल फुंकत!" असं बोलले मी त्या पोरीला. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. तिनं फोन काढला आणि गावाकडच्या मावशीशी गोंडीत काहीतरी बोलली. दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरनं एक गाठोडं उतरवून दिलं. मागच्या सालचं मोह, वाळून काळं पडलेलं. त्याचे जेमतेम दोन डबे लाडू झाले. मी म्हटलं, झालं, आता बाप हिला नेतोच.

बाजारात बाप समोरच्या दुकानापाशी उकिडवा बसला, जवळ काही आला नाही. सकाळभर लोक नुसते बघून पुढे जात होते. मग जंगलाकडच्या चार बाया आल्या. एकीनं लाडू हातात घेऊन आधी विचारलं, "नवं मोह की जुनं?"

"जुनं, मावशी. मागच्या सालचं. आमचा पंडुम व्हायचा हाय."

"आमचाबी व्हायचा हाय," म्हणत तिनं लाडू तोंडात टाकला आणि पदराची गाठ सोडली. त्या गेल्या आणि आणखी बायांना धाडून दिलं. गर्दी पाहून गावातलेही थांबायला लागले. दुपारपर्यंत डबे चाटूनपुसून साफ! माझं ताजं मोह असतं, तर पहिल्याच सवालाला दुकान उठलं असतं. मी तिथंच, सगळ्यांदेखत, तिची माफी मागितली.

तेवढ्यात बाप उठून आला. डब्यात वाकून पाहिलं. माझ्याकडे न बघता लेकीला म्हणाला, "माय, जुनं मोह गावात अजून दोघा-तिघांकडं हाय. पुढच्या बजाराले किती आणू?"

पोरगी बोटांवर मोजायला लागली, आणि मी रडायला.