मामाची जागा मागे

मुलीच्या लग्नात सोनं, साड्या आणि आचारी या तिघांनी मिळून खाल्लं नसेल एवढं माझं डोकं एकट्या लाइव्हनं खाल्लं. लग्न आमच्या गावी, जळगावला. पण नातेवाईक पुण्यापासून दुबईपर्यंत पसरलेले, आणि सगळ्यांत जवळचा जो, माझा थोरला भाऊ, तो धुळ्यात कमरेला पट्टा बांधून पडलेला. त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी प्रवासाचं नावही काढू नका म्हणून बजावलं होतं.

आमच्याकडे मंगलाष्टकं सुरू झाली की नवरीच्या मागे मामा उभा राहतो, तिच्या पाठीवर हात ठेवून. माझ्या मुलीला मामा एकच. पत्रिका छापायला गेली त्या दिवशी ती धड जेवली नाही. मी विचारलं तर एवढंच म्हणाली, मामा येणार नसेल तर माझ्या मागे दुसऱ्या कुणाला उभं करू नका. ती हट्टी आहे, माझ्यावर गेली आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही.

आमचे हे मात्र उत्साहानं उभे राहिले. वीजखात्यातून निवृत्त झाल्यापासून वायर दिसली की ह्यांचे हात शिवशिवतात. लग्न लाइव्ह दाखवू, म्हणाले, म्हणजे भाऊंना घरबसल्या टीव्हीवर सगळं दिसेल. लगेच एरंडोलचा एक फोटोग्राफर ठरला. तीन कॅमेरे ठरले. हॉलच्या मालकाला दोन वेळा भेटून नेट कसं आहे ते विचारून झालं. तो दोन्ही वेळा 'एकदम कडक' म्हणाला, पण ह्यांचा विश्वास बसेना, म्हणून दोन कंपन्यांची दोन सिमकार्डं आली, जनरेटर आला, जनरेटर बिघडला तर म्हणून इन्व्हर्टर आला. मी म्हटलं, एवढी तयारी नवरदेव पळाला तर काय, याची केली का? ह्यांना विनोद कळत नाही. म्हणाले, त्याच्याकडे कॅमेरा नंबर दोन राहील.

मग ह्यांनी सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवली. खाली लिहिलं, 'आपली ऑनलाइन उपस्थिती प्रार्थनीय'. भाऊलाही तीच लिंक गेली आणि तिथेच घोडं अडलं.

आमच्यात देवाच्या खालोखाल आवतन जातं ते मामाच्या घरी. जातीनं जायचं, कुंकू लावायचं, अक्षता हातावर ठेवायच्या, नारळ द्यायचा. भाऊ येणारच नाही तर फेरी कशाला मारायची, असा हिशेब ह्यांनी मनातल्या मनात केला आणि मला सांगितलाही नाही. मी साड्यांच्या गडबडीत होते. मला वाटलं, हे जाऊन आले असतील. ह्यांच्या घरात आवतनं वाटण्याचं काम पुरुषांचं, म्हणून मी निर्धास्त.

आठवडाभरानं मी भाऊला फोन केला आणि लिंक उघडून बघितलीस का, असं विचारलं. तो म्हणाला, "माले आवतन कोठे शे?"

मी तापट आहे हे आमच्या गल्लीला माहीत आहे, त्या दिवशी पुढच्या गल्लीलाही कळलं. हे म्हणत होते, अगं, पण ते येणारच नाहीत ना. मी म्हटलं, लग्नाला न येणं वेगळं आणि न बोलावलेलं असणं वेगळं. शेवटी ह्यांनी गाडी काढली. पत्रिका, नारळ, अक्षता, भाऊचा टॉवेल-टोपी, वहिनीची साडी असं सगळं घेऊन आमचं वरातीमागून घोडं धुळ्याकडे निघालं. पारोळ्यापर्यंत मी एक शब्द बोलले नाही. त्याच्या पुढे बोलले, आणि ह्यांना पारोळ्यापर्यंतचा रस्ता बरा वाटू लागला.

भाऊ पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. ह्यांनी त्याला कुंकू लावलं, अक्षता दिल्या, वाकून नमस्कार केला आणि लाइव्हला यायचं करा, असं अगदी रीतीनं म्हणाले. मग त्याच्या फोनलाही हळद-कुंकू वाहिलं. माझं हसू दाबता दाबेना, पण भाऊच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी स्वयंपाकघरात वहिनीकडे गेले.

परत आले तर दुसरा वाद पेटलेला. भाऊ विचारत होता, माझी जागा कुठे? हे सांगत होते, समोर, अगदी मधोमध, एवढं स्वच्छ चित्र की मंगळसूत्राचे मणी मोजाल. भाऊनं मान हलवली.

"मामानी जागा पोरना मांगे शे," तो म्हणाला. "पुढथीन बठ्ठा देखतीन. मी मांगेच उभा ऱ्हासू."

ह्यांनी पुन्हा पुन्हा समजावलं की सगळे समोरून बघतील तसं बघा, मागून अंबाड्याशिवाय काही दिसणार नाही. भाऊ म्हणाला की लग्नात उभ्या राहिलेल्या कोणत्या मामाला आजवर दुसरं काय दिसलंय? शेवटी ठरलं की तीन कॅमेऱ्यांशिवाय एक साधा फोन स्टँडवर लावून मुलीच्या मागे उभा करायचा आणि त्यावर भाऊला व्हिडिओ कॉल लावायचा. स्टँड मुलीचंच होतं, तिनं ऑनलाइन क्लासच्या वेळी घेतलेलं. निघताना भाऊनं आपली टोपी माझ्या हातात दिली. उघड्या डोक्यानं मांडवात उभा राहणार नाही, असं त्याचं म्हणणं.

घरी रंगीत तालीम झाली. अंगणात दोन पाट मांडले. मुलगी पार्लरवालीकडे गेली होती, म्हणून नवरी कोण, तर आमचे हे, डोक्यावर माझी ओढणी घेऊन, स्टँडकडे पाठ करून. समोर अंतरपाट म्हणून मी टॉवेल धरला आणि मंगलाष्टकं म्हणू लागले. धुळ्याहून भाऊचा आवाज, नवरी अजून जरा डावीकडे घ्या. नवरी डावीकडे सरकली. भाऊ म्हणाला, नवरीचं पोट मधे येतंय. शेजारीण कुंपणावरून बघत होती, तिला आम्ही काही सांगितलं नाही. फोनच्या डोक्यावर टोपी घातली होती, वर ऊन, तिसऱ्या कडव्याला फोन तापून बंद पडला. मग टोपी फोनच्या खाली, स्टँडच्या दांड्याला बांधायची असा तह झाला. भाऊचा आवाज मांडवात घुमू नये म्हणून त्याच्या बाजूचं म्यूटचं बटण वहिनीच्या ताब्यात दिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती म्हणाली, हे बटण आधी का नाही दिलं?

लग्नाच्या दिवशी फोटोग्राफर स्टँड बघून चिडला. फ्रेममध्ये टोपी बांधलेली काठी कशी दिसेल, असं त्याचं दुःख. नवरदेवाच्या मागे त्याचा मामा, धिप्पाड, फेटा बांधलेला. आमच्या मुलीच्या मागे टोपीवाली काठी. त्या मामांनीच आधी वाकून फोनला रामराम केला, तेव्हा फोटोग्राफरनं काठी राहू दिली. मुलीला मात्र त्यानं बजावलं की लाइव्ह आहे, सगळे बघताहेत, चेहरा हसरा ठेवायचा.

माइकवर पाहुण्यांची नावं घेणं चालू होतं, त्यात लाइव्ह बघणाऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. चाळीसगावचे एक काका घरी सोफ्यावर बसून लिहीत होते की आमचं नाव घेतलं नाही, आम्ही निघतो. त्यांचंही नाव घेतलं. बोदवडच्या आत्यांनी टॉवेल-टोपी कुरिअरनं येणार का, असं विचारलं.

मग मंगलाष्टकं सुरू झाली. मी समोर होते. मुलगी हातात हार धरून उभी, आणि हसत होती. सुरुवातीपासून हसत होती. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, किती धीराची पोर, डोळ्यांत टिपूस नाही. मी हो म्हटलं, पण खरं सांगायचं तर मला ते लागलं. घर सोडताना एवढं हसू येतं, म्हणजे घरानं हिला काहीच दिलं नाही की काय, असं मनात येऊन गेलं. तेवढ्यात हे घाईघाईनं माझ्याजवळ आले. वहिनीचा मेसेज आला होता की चित्र फार हलतंय. हे सिमकार्ड बदलायच्या तयारीत होते. शेवटचं मंगलाष्टक चालू होतं, मी ह्यांचा सदरा धरून ठेवला. अक्षता पडल्या, हार पडले, लग्न लागलं.

लाइव्ह एकदाही तुटलं नाही. जेवणाच्या पंगतीत वरण-बट्टी वाढताना हे प्रत्येकाला तेच सांगत होते, आणि मागच्या फोनचं नेट थोडं डळमळलं, एवढी रुखरुखही सांगत होते.

मुलीची पाठवणी झाल्यावर मी भाऊला फोन केला. त्याच्याकडेही गल्लीला जेवण होतं, मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, चित्र हललं म्हणे, नेटचं जरा कमी पडलं.

"नेटले काहीच नही व्हयनं," भाऊ म्हणाला. "पोरनी स्टँड धरेल व्हतं."

मग त्यानं सांगितलं. पहिलं मंगलाष्टक संपलं आणि तिनं हार एका हातात घेतला. दुसरा हात न वळता मागे आणला, चाचपला, आणि टोपीच्या जरा वर स्टँडचा दांडा घट्ट पकडला. शेवटपर्यंत सोडला नाही. तिचे खांदे हलत होते, हात थरथरत होता आणि त्यानं भाऊचं सगळं चित्र थरथरत होतं. तो फोनमध्ये सांगत होता, पोर रडते आहे, तिला कुणीतरी सांगा मी इथंच आहे. पण आवाज बंद होता.

मी ह्यांना हे सांगितलं. हे जनरेटरची वायर गुंडाळत होते, तसेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग मीही रडले, आणि मघाशी मनात आलेल्या विचाराची मला लाज वाटली.

आता कुणी आलं की हे तीन कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग लावतात. त्यात मुलगी पहिल्यापासून शेवटपर्यंत हसते आहे. मागचा फोन नुसता कॉल होता, त्याचं रेकॉर्डिंग झालं नाही. ते फक्त तिच्या मामानं पाहिलं.