बिनशेपटीची गाडी

कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या गावात प्रत्येक गाडीच्या नाकाखाली वायरीची शेपटी लोंबते. हिवाळ्यात रात्रभर ती विजेला जोडायची, म्हणजे इंजिन ऊबदार राहतं. ओरेस्ट ह्नाट्यूकनं मात्र बायकोच्या डायलिसिसच्या फेऱ्यांसाठी सीमेपलीकडून, पार ॲरिझोनाच्या वाळवंटातून, स्वस्तात गाडी आणली आणि वाचलेल्या पैशांची फुशारकी गावभर मारली.

शेजारचा वॉल्टर गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "बाबा रे, हिची शेपटी कुठंय?"

"तुझ्या का पोटात दुखतंय?" ओरेस्ट गुरगुरला.

जानेवारीत पारा उणे अडतीसवर गेला. सकाळी गाडी एकदा कण्हली आणि गप्पच झाली. त्याची बायको मारुसिया कोटावर कोट चढवून आत बसलेली; नऊला दवाखान्यात पोचायचं होतं. किल्ली फिरवता फिरवता ओरेस्ट स्टिअरिंगवर थापा मारू लागला.

"गाडीवर कशाला चिडतोस?" ती म्हणाली. "जा, वॉल्टरला हाक मार."

मान खाली घालून तो कुंपणापाशी गेला. वॉल्टर आधीच आपल्या ट्रकची वायर गुंडाळत होता.

"मारुसियाला घेऊन ये," तो म्हणाला. "हसायचं ते मी परत येताना हसेन."