नोंद न चढलेला बस्ता

माझ्या मोठ्या बहिणीची नात पुण्याला कॉम्प्युटरच्या कामावर आहे. दिवाळीत आली तेव्हा आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "तू नेमकं करतेस तरी काय?" तर पोरीनं समोर बसवून मला पेज फॉल्ट समजावला. चालत्या प्रोग्रामला एखादं पान लागतं आणि ते मेमरीत नसतं. मग कर्नल म्हणून जो मशीनचा मुख्य कारभारी असतो, तो प्रोग्रामला जागीच थांबवतो. मागितलेलं पान त्याचंच आहे ना ते बघतो, डिस्कवरून शोधून आणतो आणि जिथं अडलं तिथूनच काम पुन्हा सुरू करून देतो. प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. जागा भरलेली असेल तर आधी कुठलं तरी जुनं पान बाहेर काढावं लागतं. "पण आबा, त्या पानावर काही नवं लिहिलं असेल तर ते आधी डिस्कवर उतरवायचं. तसंच फेकलं तर गेलं ते कायमचं."

मी म्हटलं, "पोरी, मी सात वर्षं हेच काम केलं." ती हसली. म्हातारा गंमत करतोय असं वाटलं तिला. तिच्या आजीचं नऊ एकर वावर त्याच कामात गेलं, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. सांगणार कोण? ठाऊक मलाच आहे.

मी मूळचा बोरी अरबचा. साठ सालच्या आगेमागे यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका तहसील कचेरीत कारकून होतो. कोणत्या ते सांगत नाही, कचेरीचा त्यात दोष नव्हता. रेकॉर्डची खोली मागच्या अंगाला, टिनाच्या छपराची. एकेका गावचे कागद लाल कापडात बांधून तिथं मांडलेले असत. त्या गाठोड्याला बस्ता म्हणायचे. माझ्या मेजावर सातच बस्ते मावत. साहेबानं आठव्या गावचा कागद मागितला की काम थांबायचं. मी शिपायाला चिठ्ठी द्यायचो आणि तो बस्ता आणेपर्यंत मेजावरचा एक बांधून ठेवायचो, परत न्यायला. शिपाई म्हातारा, गुडघ्यानं अधू. दर चिठ्ठीला विचारायचा, "बाबू, आजच लागते का उद्या चालते?" मी त्याच्यावर खेकसायचो.

साहेब दौऱ्यावर गेले की गावातच हुकूम द्यायचे, तो कच्च्या चिठ्ठीवर. ती चिठ्ठी मी त्या गावच्या बस्त्यात खोचून ठेवायची, मग वहीत नोंद चढवून साहेबाची सही घ्यायची. बस्ता परत पाठवण्याआधी आतल्या चिठ्ठ्या वहीत चढल्याच पाहिजेत, असा नियम. नव्या कारकुनांना तो नियम मीच शिकवायचो, मोठ्या तोऱ्यात.

मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. बाईचं सासर आमच्याच तहसिलीत. नवरा गेला तेव्हा पदरी एक मुलगी आणि नवऱ्याच्या नावावरचं नऊ एकर वावर. दीर म्हणाला, वावर माझं. साहेब गावात गेले, चार माणसांसमोर चौकशी केली आणि बाईचं नाव चढवा म्हणून हुकूम दिला. चिठ्ठी माझ्या हातात आली. पाच मिनिटांचं काम होतं हो. पण मी ती बस्त्यातल्या चिठ्ठ्यांत सगळ्यांत खाली सारली. बहिणीचं काम आधी केलं असं कोणी म्हणायला नको! कचेरीत माझं नाव होतं, की हा माणूस घरच्यांनाही रांगेत उभं करतो. डोंबलाचं नाव. मशीनचं बरं आहे, त्याला नाव कमवायचं नसतं.

बाजाराच्या दिवशी बाई कचेरीच्या खिडकीशी यायची. "काहून रे भाऊ, चढलं का माह्यं नाव?"

"नंबर लागला की चढते, बाई. तुह्याआधी लोक आहेत."

"बरं," म्हणायची, आणि पदरातली बोरं खिडकीत ठेवून जायची.

एक दिवस जिल्ह्याहून मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी आल्या आल्या भलत्याच गावचा बस्ता मागितला. मेज भरलेलं. हाताशी आला तो बस्ता मी ओढला, तो बाईच्या गावचा. कागद इतके वर आलेले की गाठ बसेना. मी सुट्या चिठ्ठ्या उपसल्या, बघितल्याही नाहीत, टोपलीत टाकल्या आणि गाठ मारली. टोपलीतले कागद जाळून शिपाई चहाचं आधण ठेवायचा. त्याच चहाचा कप हातात घेऊन मोठे साहेब म्हणाले, "इतकं स्वच्छ मेज मी कुठं पाहिलं नाही." आठ दिवस मी फुगून फिरत होतो.

महिन्याभरानं बाईचा नंबर लागला. बस्ता मागवला, दोनदा उलटापालटा केला. चिठ्ठी नव्हती. मग ती टोपली आठवली. हुकूम देणाऱ्या साहेबांची बदली झाली होती, पण त्यांना पत्र लिहिता आलं असतं. माझ्या हातून चिठ्ठी गेली, एवढं कबूल करायचं होतं. नाही केलं. नोकरीची भीती होतीच. पण त्याहून जास्त भीती होती ती लोक हसतील याची. आज लिहितानाही स्वतःची किळस येते.

तेवढ्यात दिरानं अर्ज टाकला. नव्या साहेबांसमोर सुनावणी लागली. बाई उभी राहून म्हणाली, "पहिल्या साहेबानं चार मानसांत सांगतलं होतं, वावर तुह्यं म्हनून." ती चार माणसं आलीच नाहीत, त्यांना दिराच्या गावात राहायचं होतं. साहेबांनी मला विचारलं, "रेकॉर्डला काही नोंद आहे?" वही माझ्या हातात उघडी होती.

"नाही," मी म्हणालो. यात खोटं काय होतं? नोंद नव्हतीच.

साहेब म्हणाले, "सख्खा भाऊ असून सांगतोय, मग प्रश्नच मिटला."

बाई माझ्याकडे बघत राहिली. आता ही मला शिव्या घालणार, असं वाटलं. घालायला पाहिजे होत्या. ती साहेबाकडे वळली आणि म्हणाली, "मंग जाऊ द्या, साहेब. माह्याच आयकन्यात चुकलं असन. माहा भाऊ खोटं नाही बोलत."

हक्क सोडल्याचा कागद तिथंच तयार झाला. बाईला लिहिता येत नव्हतं. शाईचा पॅड मी पुढं केला आणि तिचा अंगठा धरून कागदावर मीच टेकवला. पुसट उमटला, म्हणून पुन्हा एकदा टेकवला.