छप्पर बघून दिलेली मुलगी

मुलीसाठी घर बघायला गेलेली माणसं काय काय बघतात! कुणी मुलाचा पगार बघतं, कुणी विहिरीचं पाणी, तर कुणी होणारी सासू चहाच्या कपाखाली बशी देते की नाही, तेवढ्यावर निकाल लावून मोकळं होतं. मनोरमाबाईंनी वसईजवळच्या कळंबमधल्या त्या घरात पाऊल टाकलं आणि मान वर केली, ती खाली करायचं नावच घेईनात. वर मंगलोरी कौलं, त्याखाली सागाचे वासे, मधेच एक काचेचं कौल आणि त्यातून शेणानं सारवलेल्या जमिनीवर उतरलेला उन्हाचा कवडसा. त्या कवडशात धूळ तरंगत होती आणि मनोरमाबाई तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"एक कौल किती जड असतं हो?" त्यांनी विचारलं.

मुलाची आई यशोदाबाई पोह्यांची ताटली हातात घेऊन थबकल्या. "उचलून बगा की. अंगनात पडलीत दोन-चार."

मनोरमाबाई खरोखरच अंगणात गेल्या. बाजारात भोपळा जोखावा तसं त्यांनी एक कौल दोन्ही हातांत धरून खालीवर केलं, परत आत आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मला पसंत आहे." नवरा मुलगा जितेंद्र नवा शर्ट घालून समोरच बसला होता. त्याच्याकडे त्यांनी अजून धड बघितलंही नव्हतं. त्यांचे यजमान दिनानाथराव खाली मान घालून पोहे चिवडत राहिले.

आता त्यांना वेड्यात काढणं सोपं आहे. जवळच्याच तुळिंजमधल्या त्यांच्या इमारतीत ते काम बरेच जण आवडीनं करत. पण मनोरमाबाई मूळच्या लातूरकडच्या, किल्लारीजवळच्या एका गावातल्या. तिथल्या घरांना हातभर रुंद दगडाच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचे थरावर थर. घर उन्हाळ्यात गार राही, आणि त्या मातीच्या भाराखाली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सुखानं झोपत आली होती. त्र्याण्णव साली गणपतीला त्या दहा वर्षांच्या लेकीला, उन्नतीला, घेऊन माहेरी गेल्या. विसर्जन झालं, आत उकडत होतं, म्हणून मायलेकी अंगणात बाजेवर झोपल्या. आई आणि धाकटा भाऊ आत झोपले.

आवाज त्यांना कधीच आठवला नाही. आठवते ती धूळ. चांदण्यात ती वर चढत होती, अगदी सावकाश, जात्याभोवती पीठ उडावं तशी, आणि त्यांना वाटलं की हे स्वप्न आहे, कूस बदलली की जाईल. त्यांनी कूस बदललीसुद्धा. मग घराच्या जागी फक्त दाराची चौकट उभी दिसली, आणि त्या चौकटीतून पलीकडचं आभाळ. मनोरमा त्या स्वप्नातून पुरती जागी झालीच नाही, असं दिनानाथराव म्हणत, आणि ते काही सगळंच थट्टेत नसे.

तुळिंजचा त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दिनानाथरावांनी अंधेरीच्या कंपनीतल्या नोकरीवर कर्ज काढून घेतलेला, त्यांच्या अभिमानाचा विषय. मनोरमाबाई त्यात स्वयंपाक करत, पाहुणे करत, सणवार करत. झोपत मात्र दाराच्या चौकटीत, उंबऱ्यापाशी, आणि मुलीला शेजारी घेत. त्यामुळे मुख्य दार रात्री लागतच नसे. शेवटी दिनानाथरावांनी बाहेरून लोखंडी जाळीचं दार बसवून घेतलं आणि तो विषय मिटवला. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये कुठंही गेल्या की त्या आधी छताकडे बघत. लोकांना वाटे, बाईंना भलताच गर्व आहे. भूज हादरलं त्या सव्वीस जानेवारीला तुळिंजमधले पंखे जरासे झुलले. निम्म्या इमारतीला पत्ताही लागला नाही. तोवर मनोरमाबाई मुलीला ओढत खाली झेंड्यापाशी पोचल्या होत्या, अनवाणी, हातात लाटणं. पोरांनी त्या लाटण्यालाच सलामी ठोकली.

त्यानंतर दोनेक वर्षांत उन्नतीनं जितेंद्रचं नाव घरात काढलं. वसईच्या कॉलेजात ओळख झालेली. त्याच्या घरची वाडी होती. सोनचाफा, केळी, थोडी भाजी. जात वेगळी, बोली वेगळी. दिनानाथराव आठवडाभर बोलले नाहीत. मनोरमाबाईही "नाही"च म्हणायच्या बेतात होत्या. एकदा घर तरी बघून या, म्हणून उन्नती रडली, तेव्हा त्या गेल्या, आणि पुढचं तुम्हांला माहीतच आहे.

लग्नानंतर त्यांना फार हलकं वाटू लागलं. दर शनिवारी रिक्षानं कळंबला जायच्या, लेकीसाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. ओट्यावर बसलं की वाडीच्या मागून एक संथ घुमारा येई. तो सुरूच्या झाडांतला वारा आहे, अशी त्यांची समजूत. तो ऐकत त्या ओट्यावरच्या खांबाला टेकून डुलकी घेत. वाडीच्या मागे काय आहे ते बघायला त्या कधी गेल्या नाहीत.

मग उन्नतीला दिवस गेले. सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे सगळीकडचंच. उन्नतीनं बॅग भरायला घेतली होती. मनोरमाबाई म्हणाल्या, "नको. तिथंच बरी आहेस. माझ्याकडं वर स्लॅब आहे." यशोदाबाईंनी समजावून पाहिलं, दिनानाथरावांनी रागावून पाहिलं. बाई हटेनात. त्यानंतरच्या शनिवारी उन्नतीनं धपाटे झाकून ठेवले, खाल्ले नाहीत.

त्याच डिसेंबरात तिकडे समुद्राखाली कुठंतरी जमीन फाटली. टीव्हीवर दिवसभर तेच. पाणी आधी मागं जातं, मासे उघडे पडतात, लोक गंमत बघायला धावतात, आणि मग ते परत येतं. मनोरमाबाई भाजी निवडायची सोडून बघत राहिल्या. भिंतीएवढं पाणी नारळांच्या मुळांशी आलं, एका घराची कौलं पत्त्यांसारखी उचलली गेली. त्यांना एकदम तो घुमारा आठवला. तो वारा नव्हता.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आवई उठली, की पुन्हा भूकंप झालाय, पुन्हा लाट येणार. वसईकडे येणार असं नेमकं कुणीच म्हटलं नव्हतं, पण तुळिंजच्या बाजारात दुपारपर्यंत ती अर्नाळ्याला पोचलीसुद्धा होती. कळंबचा फोन लागेना. मनोरमाबाईंनी गॅस बंद केला आणि रिक्षा पकडली.

कळंबला नेहमीसारखी दुपार होती. केळींच्या पानांवर ऊन, ओट्यावर मांजर. उन्नती आत झोपलेली, यशोदाबाई वाडीत पाणी लावत होत्या. मनोरमाबाई घरात शिरल्या आणि पहिल्यांदाच वर न बघता, मागच्या दारानं, वाडीतून, सुरूंमधून थेट किनाऱ्यावर गेल्या.

समुद्र नव्हता. होती ती ओली, करडी, चकाकणारी जमीन, पार आभाळापर्यंत. तिच्यावर बगळे निवांत चालत होते, एक होडी कुशीवर पडली होती, आणि इतकी शांतता की बाईंना वाटलं, आपण अजून बाजेवरच झोपलोय. पाणी कुठंतरी दूर, पांढऱ्या रेघेएवढं. पाणी आधी मागं जातं! त्या वळल्या आणि पळत सुटल्या.

"ऊठ माय, ऊठ! समुद्र माघारी गेलाय! झोपून काय करायलीस अजून?"

उन्नती धडपडत उठली. यशोदाबाई चिखलाच्या पायांनी धावत आल्या, त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांना हसू फुटलं. "अवं विहीनबाई, ओहोटी हाय ती! रोज जातं पानी, रोज येतं."

मनोरमाबाई मटकन खाली बसल्या. दोन्ही तळवे त्यांनी जमिनीवर टेकले होते, जणू तीही हलेल म्हणून दाबून धरली होती. "मी वरच बघितलं हो," त्या म्हणाल्या, "मी माझ्या हातानं लेक पाण्याच्या तोंडाशी दिली."

यशोदाबाईंचं हसू थांबलं. त्यांनी पदराला हात पुसले, विहिणीच्या शेजारी बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "उन्नती, दोन साड्या घे. आज तुझ्या आईकडं जाऊ आपन." लाट येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी घराला कुलूप लावलं आणि जितेंद्रसाठी शेजारी निरोप ठेवला. मला विचाराल तर त्या दिवसातलं सगळ्यांत मोठं काम तेच.

तुळिंजच्या जिन्यात उन्नती प्रत्येक मजल्यावर दम खात होती, पण चेहरा असा, जणू शाळेला अचानक सुट्टी मिळालीय. घरात शिरल्यावर तिनं खिडकीचे गज, डब्यांची फळी, जुनं शिवणयंत्र, सगळ्यांवरून हात फिरवला. ताटलीभर धपाटे खाल्ले आणि पंख्याखाली, खोलीच्या बरोबर मधोमध, गाढ झोपून गेली. मनोरमाबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या. मुलीचं पोट श्वासासरशी वर येत होतं, खाली जात होतं. त्या डोळे मिटत आणि त्यांना दिसे, कौलं पाण्यावर तरंगताहेत, माळवदाची माती तळाशी बसतेय, आणि मधे कुठंतरी त्यांची आई उभी राहून हाक मारतेय. ती काय म्हणते ते मात्र ऐकू येत नव्हतं.

सकाळ झाली. लाट कुठंच आली नव्हती. जितेंद्र मोटारसायकल घेऊन हजर झाला.

"चला, चाफा कोन खुडनार?" यशोदाबाईंनी पिशवी उचलली.

उन्नती उठली नाही. भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. खूप हळू आवाजात ती म्हणाली, "आई, तुझं माहेर पडलं. माझं तर उभं आहे ना गं? मग मला का येऊ देत नाहीस?"

दिनानाथरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. अकरा वर्षं मनोरमाबाईंनी या मुलीला चौकटीत झोपवली होती, छताखालून ओढून पळवली होती, छत बघून दिली होती. या घरात तिला राहायचंही असेल, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

त्या उठल्या. कपाटातलं मऊ झालेलं जुनं सुती लुगडं काढून त्यांनी ते दातांनी कडेला चिरलं आणि बाळाच्या दुपट्याच्या मापानं टर्रकन फाडलं. मग दाराशी उभ्या असलेल्या जितेंद्रला म्हणाल्या, "जावईबापू, आता हिला बाळासकट न्यायला या."